"प्रायमर कोणतंही चालतं" हे वाक्य मागे घ्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या रविवारच्या पुरवणीत नेमबाजीवर पानभर लेख होता, फोटो मस्त होते, आपल्या विदर्भातल्या पोरांबद्दल लिहिलं होतं, ते वाचून बरं वाटलं. पण त्याच्यातच खाली एक चौकट होती, परदेशातले नेमबाज रिकामी काडतुसं घरी परत भरतात, त्याने खर्च निम्मा होतो वगैरे. तिथे एक वाक्य छापलंय की "प्रायमर कोणतंही चालतं, खाचेत बसलं की झालं, आणि पावडर अनुभवाने अंदाज येतो". प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी, पावडर पेटवणारी टिकली. साहेब, हे वाक्य वाचून माझा चहा तसाच राहिला. मी गेली चार दिवस हेच डोक्यात घेऊन फिरून राहिलो म्हणून शेवटी लिहायला बसलो, पत्र लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

आधी मी कोण ते सांगतो. माझे वडील इतवारीत सोनारकाम करायचे आणि मी आयुष्यभर कॉलेजच्या प्रयोगशाळेतले तराजू दुरुस्त केले, म्हणजे वजन हा आमच्या घराण्याचाच विषय म्हणा. माझी नात दहा मीटर एअर पिस्तूल खेळते, तिला संध्याकाळी रेंजवर सोडायला आणायला मी जातो. आणि माझे जावई अमेरिकेत टेक्सासला राहतात, ते पॉइंट थर्टी एट रिव्हॉल्वरने मॅच खेळतात आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरतात, तिकडे स्वतःपुरती भरायला लायसन्स लागत नाही, विकायची असली तर लागतं. मी आणि आमच्या सौ. तिकडे पाच महिने होतो, आणि त्यातले निम्मे दिवस तरी मी त्यांच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून ते काम बघितलंय. मी स्वतः एकही काडतूस भरलं नाही, तराजूचं तेवढं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे जे लिहितोय ते डोळ्याने बघून लिहितोय.

लेख छापून आला त्याच संध्याकाळी रेंजवर एक पोरगा माझ्याकडे आला, चांगला खेळतो, सेंटर फायरची, म्हणजे मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलाच्या प्रकाराची, तयारी करून राहिला. पुरवणीचं कात्रण मोबाईलवर दाखवून म्हणे, "काका, तुम्ही तर पाहिलंय ना हे, खरंच इतकं सोपं असते का? मॅचची काडतुसं इतकी महाग, घरीच भरली तर?" त्याच्या डोळ्यात मला चोरी दिसली नाही की मस्ती दिसली नाही, त्याला फक्त प्रॅक्टिस वाढवायची होती. म्हणूनच मला भीती वाटली, कारण असं साधं पोरगंच असल्या वाक्यावर विश्वास ठेवतं.

आता मुद्द्यावर येतो. काडतुसात चारच वस्तू असतात. पितळेची खोळ, तिच्या बुडाशी प्रायमर, आत पावडर आणि तोंडाला गोळी. खोळ परत वापरता येते कारण पितळ फुगतं आणि डाय नावाच्या साच्यातून दाबून परत आकारात आणता येतं. प्रायमर आणि पावडर मात्र दर वेळेस नवी. आणि सगळी गोम या दोघांच्या जोडीतच आहे.

प्रायमर म्हणजे लहानपणी दिवाळीत आपण टिकल्यांची बंदूक फोडायचो ना, तीच कल्पना, फक्त फार जास्त ताकदीची. छोटीशी धातूची वाटी, आत दाबाने पेटणारं मिश्रण, त्यावर बारीकसा ऐरणीसारखा तुकडा. घोड्याची पिन वाटीवर आदळली की मिश्रण ऐरणीवर चिरडतं आणि जी ज्वाळा निघते ती खोळीच्या भोकातून आत जाऊन पावडरला पेटवते. मिश्रणात शिशाचं स्टिफनेट असतं, बेरियम नायट्रेट असतं, म्हणून जावई काम झालं की साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, त्या टेबलाजवळ पाण्याचा ग्लासही ठेवू द्यायचे नाहीत, आणि माझा नातू आत आला की आधी झाकण लावायचे. प्रायमर ज्या खाचांच्या ट्रेमध्ये येतात त्याच ट्रेमध्ये राहू द्यायचे, बरणीत ओतून ठेवायचे नाहीत, कारण एक फुटलं तर बाजूची सगळी फुटतात. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, तराजूला हात लावायच्याही आधी.

आता "कोणतंही चालतं" बघू. पिस्तुलाचं छोटं प्रायमर आणि रायफलचं छोटं प्रायमर, दोन्हीचा व्यास सारखाच, साधारण साडेचार मिलिमीटर. दोन्ही खाचेत बरोब्बर बसतात. हाताने ओळखू येत नाहीत, मी चष्मा लावून बघितलं तरी मला ओळखू आले नाहीत. पण रायफलच्या प्रायमरची वाटी जाड असते, कारण तिकडे दाब जास्त. ती रिव्हॉल्वरमध्ये घातली तर घोडा आपटूनही कधीकधी फुटणार नाही, आणि मॅचमध्ये गोळी सुटलीच नाही म्हणजे वेळ गेला. उलट पिस्तुलाचं पातळ प्रायमर रायफलमध्ये गेलं तर पिनेने भोक पडून गरम गॅस मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. मोठ्या प्रायमरचं अजून वेगळं, रायफलचं मोठं प्रायमर पिस्तुलाच्या मोठ्यापेक्षा किंचित उंच असतं, ते पिस्तुलाच्या खोळीत बसवलं तर बुडाबाहेर डोकं काढून राहतं, आणि बाहेर आलेलं प्रायमर म्हणजे बंदूक बंद होताना आपटून फुटायची शक्यता. ते पॉइंट फोर्टी फाइव्हचं काडतूस तर मोठ्या खाचेचंही येतं आणि छोट्या खाचेचंही येतं, एकाच नावाचं, एकाच ढिगात मिसळलं की भरणाऱ्याचा गोंधळ ठरलेला.

त्यात परत खोळीचेही दोन प्रकार. एकात बुडाला मधोमध एक भोक, त्याला बॉक्सर म्हणतात, आणि दुसऱ्यात दोन बारीक भोकं आणि ऐरण खोळीतच, ते बर्डन. गंमत म्हणजे बॉक्सर हा इंग्रज अधिकारी आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत चालते ती बॉक्सरची पद्धत. घरी भरता येतात ती बॉक्सरची, कारण जुनं प्रायमर आतून पिनेने ढकलून काढता येतं. बर्डनच्या खोळीत तीच पिन घातली तर पिन तुटते. आणि माझी नात मोठी होऊन ज्या पॉइंट टू टू पिस्तुलाने पंचवीस मीटर खेळेल, राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये ज्या प्रकारात गोल्ड मारलं तो प्रकार, त्या काडतुसात तर वेगळं प्रायमर नसतंच, मिश्रण कडेच्या रिंगमध्येच भरलेलं असतं, ते सुटलं की खोळ भंगारात. म्हणजे "कोणतंही काडतूस परत भरता येतं" असं त्या चौकटीतून जे वाटतं तेही चूकच.

पण हे सगळं बसण्या-न-बसण्याचं झालं. खरा धोका त्याच्या पुढे आहे. एकाच मापाची, एकाच कामाची, दोन वेगळ्या कंपन्यांची प्रायमर घेतली तरी ज्वाळा सारखी नसते. एकाची वाटी मऊ, दुसऱ्याची कडक, एकाची ज्वाळा आखूड, दुसऱ्याची लांब. त्यात मॅग्नम म्हणून अजून गरम प्रायमर येतं, ते अवघड पेटणाऱ्या, सावकाश जळणाऱ्या पावडरसाठी असतं. तेच जर जलद जळणाऱ्या पावडरच्या छोट्या चार्जवर, म्हणजे एका काडतुसात टाकायच्या पावडरच्या मापावर, लावलं तर दाब वर चढतो, आणि वजन तर तुम्ही तेच ठेवलेलं असतं, मग तुम्हाला कळणार कसं? म्हणून जावयांचा नियम होता की प्रायमर बदललं की चार्ज पुन्हा खालून, म्हणजे सगळ्यात कमी मापापासून, सुरू. पावडरचा डबा नवा फोडला तरी तेच. कोविडच्या काळात तिकडे प्रायमरचा एवढा दुष्काळ पडला की मिळेल ते घ्या अशी अवस्था होती, तेव्हा त्यांनी मित्राकडून दुसऱ्या कंपनीचा एक डबा घेतला आणि तो वापरण्याआधी दोन शनिवार फक्त चार्ज खालून वर आणण्यात घालवले. मी विचारलं इतकं काहून करता, तर म्हणे "बाबा, बंदूक माझ्या हातात असते."

आता पावडर. आपल्याकडे बारूद म्हटलं की लोकांना भरमार बंदुकीची काळी दारू आठवते. माझ्या आजोबांच्या गावी रानडुकरांसाठी लायसन्सची भरमार होती, दारू मापायला शिंगाचं माप असायचं, थोडी इकडे तिकडे झाली तर धूर जास्त, बस. "अंदाजाने" हा शब्द तिथून आलाय. पण १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएइ नावाच्या माणसाने बिनधुराची पावडर बनवली आणि तिथून अंदाजाचा जमाना संपला. ही पावडर मुळात कापसापासून होते, हो, आपल्या कापसापासूनच म्हणा, कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज. काहींमध्ये वरून नायट्रोग्लिसरीन मिसळतात, त्यांना डबल बेस म्हणतात. काळ्या दारूच्या मापाने ही भरली तर बंदुकीचा आणि माणसाचा दोघांचा निकाल.

आणि बिनधुराची म्हणजे एकच पावडर नाही, डझनावारी प्रकार, दिसायला सगळ्या करड्या, कोणी चपट्या चकत्या, कोणी गोल दाणे. फरक जळायच्या वेगात. आपल्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात समजेल, चुलीत पऱ्हाट्या घातल्या तर भडका आणि पाच मिनिटात राख, बाभळीचं लाकूड घातलं तर सावकाश रात्रभर. पिस्तुलाची नळी इवलीशी, गोळी बाहेर पडायला वेळच नाही, म्हणून तिला पऱ्हाटीसारखी जलद पावडर लागते. रायफलच्या लांब नळीला सावकाश. पऱ्हाटीची पावडर चुकून लाकडाच्या मापाने भरली तर सगळा जाळ एकदम होतो, गोळी जेमतेम हलते तोच दाब शिखरावर. म्हणून जावयांच्या टेबलावर एका वेळेस पावडरचा एकच डबा असायचा, बाकी सगळे कपाटात कुलपात, आणि काम झालं की भांड्यात उरलेली पावडर ज्या डब्यातून काढली त्याच डब्यात परत. कोणती कशाची हे आठवत नसेल तर ती पावडर वापरायचीच नाही, मग किती का महाग असेना.

दाब किती असतो ते सांगतो म्हणजे कल्पना येईल. पॉइंट थर्टी एट स्पेशलची अमेरिकन मानकाप्रमाणे कमाल मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पाउंड, आणि नाइन एमएमची ३५,०००. गाडीच्या टायरमध्ये आपण याच मापाने ३२-३५ भरतो. हे सगळं त्या करंगळीएवढ्या पितळेच्या खोळीत, आणि ती खोळ माणसाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

अजून एक गोष्ट जी त्या चौकटीत कुठेच नाही. पॉइंट थर्टी एट स्पेशल हे काडतूस १८९८ च्या सुमारास निघालं तेव्हा काळ्या दारूसाठी बनवलेलं, काळी दारू जागा जास्त खाते म्हणून खोळ ऐसपैस. आता जलद पावडरचा नेमबाजीचा हलका चार्ज त्यात टाकला तर खोळ अर्धीही भरत नाही. म्हणजे चुकून दोनदा पावडर पडली तरी ती सांडत नाही, गुपचूप आत बसते, वरून गोळी दाबली की बाहेरून काही कळत नाही. ही दुप्पट चार्जची चूक, आणि या धंद्यात हात जाण्याचं, डोळा जाण्याचं हे सगळ्यात ओळखीचं कारण.

मी हे ऐकून नाही, बघून सांगतोय. जावयांनी एकदा सुट्टीच्या दिवशी शंभर काडतुसं भरली, पावडर टाकायचं यंत्र असतं, वर नळकांड्यात पावडर, दांडा फिरवला की मापाने खाली पडते. मध्येच ऑफिसचा फोन आला, बोलता बोलता काम चालू ठेवलं. संध्याकाळी रेंजवर गेलो. त्यांचा मित्र बाजूच्या लेनमध्ये त्यांच्याच डब्यातली काडतुसं मारत होता. चार-पाच नीट सुटली आणि मग एक आवाज आला, आवाज कसला, फुस्स झालं, ओल्या लवंगीसारखं. मित्राने परत घोडा ओढायला बोट लावलं आणि जावई इतक्या जोरात "स्टॉप" ओरडले की सगळी रेंज थांबली. रिव्हॉल्वर रिकामं करून नळीत बघितलं तर उजेड आरपार दिसेना. पावडर पडलीच नव्हती, नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकली होती. त्याच्या मागून दुसरी गोळी गेली असती तर नळी फुगली असती नाहीतर फाटली असती. पितळेची दांडी आणि लाकडी हातोडी घेऊन ती गोळी काढली, मी हातात धरून बघितली, बूड काळं झालेलं, बाकी नवी कोरी.

घरी आल्यावर मी म्हटलं, उरलेली वजन करून बघू, रिकामं आहे ते हलकं लागेल. ते म्हणाले "बाबा, नाही कळणार", आणि खरंच होतं ते, दोन रिकाम्या खोळींच्या वजनातच एवढा फरक असतो, वरून गोळ्यांचाही, की पावडरचा फरक त्यात बुडून जातो. मी तराजूचा माणूस असून मला हे सुचलं नव्हतं. मग त्यांनी रात्री अकरा वाजेपर्यंत बसून उरलेली सगळी काडतुसं एक एक करून खोलली. एकात पावडर जवळपास नव्हतीच, आणि त्याच्या पुढच्यातच दीडपटीहून जास्त. यंत्राच्या तोंडाशी पावडर अडली, एकात पडली नाही, दुसऱ्यात अडलेली आणि नेहमीची दोन्ही पडली. दोन काडतुसं शेजारी शेजारी, एकात जीव नाही आणि दुसऱ्यात जीव जास्त. त्यांनी दोन्हीतली पावडर दोन वाट्यांत काढून माझ्यासमोर ठेवली आणि बराच वेळ बोलले नाहीत. त्यानंतर त्या टेबलावर फोन कधी आला नाही. आणि तेव्हापासून ते लाकडाच्या पन्नास भोकांच्या ठोकळ्यात सगळ्या खोळी उभ्या करून, गोळी दाबायच्या आधी, बॅटरी घेऊन एकेका खोळीत डोकावतात, पन्नासही सारख्या भरलेल्या दिसल्या तरच पुढे.

वजनाचं सांगतो, हा माझा विषय आहे. तिकडे पावडर ग्रेनमध्ये मोजतात. आपल्या जुन्या तोळ्यात १८० ग्रेन, आणि तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज दोन ग्रेनला थोडी कमी. पिस्तुलाच्या काडतुसात जी पावडर जाते ती थोड्याशा गुंजांच्या हिशोबात असते, आणि त्यात ग्रेनच्या दहाव्या भागाचा हिशोब ठेवावा लागतो, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. माझे वडील सोनं तोलायला बसले की आधी खिडकी लावायचे, पंखा बंद करायचे, आम्हा पोरांना श्वास हळू घ्या म्हणायचे. सोन्यात गुंजभर चूक झाली तर गिऱ्हाईक भांडायचं. टेक्सासच्या गॅरेजमध्ये वर एसीचा झोत होता, इलेक्ट्रॉनिक तराजू दर वीस मिनिटांनी शून्यावरून हलायचा, मी तो झोत बंद करून घेतला आणि दर दहा चार्जनंतर कसोटीचं वजन ठेवून बघायला लावलं. जावई म्हणाले की इतकी वर्षं मला हे कोणी सांगितलं नव्हतं. असं जिथे काम आहे तिथे तुमचा लेख सांगतो "अनुभवाने अंदाज येतो".

चार्ज किती ठेवायचा हे कोण ठरवतं? भरणारा नाही ठरवत. पावडर बनवणारी कंपनी दाब मोजायच्या यंत्रावर शेकडो फैरी झाडून तक्ता छापते, त्यात अमुक वजनाची गोळी, अमुक खोळ, अमुक प्रायमर, गोळी इतकी आत, आणि त्या सगळ्यासाठी खालचा आकडा आणि वरचा आकडा. भरणारा खालच्या आकड्यापासून सुरू करतो आणि बारीक बारीक वर जातो, वरच्याच्या पुढे कधीच नाही. त्यातली एक गोष्ट बदलली तर तक्ता तुमच्यासाठी राहिला नाही. गोळी थोडी जास्त आत दाबली तरी आतली जागा कमी होऊन दाब वाढतो, नाइन एमएमसारख्या छोट्या खोळीत तर फारच. म्हणून मी या पत्रात एकही आकडा चार्जचा देत नाही आणि जो कोणी कुठेही सांगोवांगी आकडा देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका असं मी त्या पोरालाही सांगितलं. रेंजवर त्याच्या बाजूला बसून अर्धा तास हेच बोललो.

आता कायद्याचं, कारण तुमच्या चौकटीत एक शब्दही नव्हता आणि हे फार गंभीर आहे. शस्त्र कायदा १९५९, त्याच्या दुसऱ्या कलमात दारूगोळ्याची व्याख्या आहे, त्यात बंदुकीचे चार्ज आले, दारूगोळ्याचे सुटे भाग आले, आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा आली. म्हणजे ते काडतूस भरायचं, हाताने दाबायचं प्रेस, जे जावयांच्या टेबलाला बोल्ट लावून बसवलंय, ते इथे कायद्याच्या नजरेत दारूगोळाच. पाचव्या कलमाप्रमाणे बनवायला लायसन्स लागतं, आणि ते नसताना बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचविसाव्या कलमाखाली कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. माझे जावई निघताना म्हणाले होते की बाबा, माझं जुनं प्रेस पडून आहे, तुम्हाला हौस आहे तर घेऊन जा, मी हात जोडले. त्या पोराला मी हेच सांगितलं की तुझ्याकडे हत्यार क्लबचं, तू नावाजलेला खेळाडू व्हायला निघालास, एक पार्सल मागवलंस तर खेळ राहिला बाजूला, कोर्टाच्या चकरा सुरू होतील. त्याला माहीतच नव्हतं. तुमच्या वाचकांपैकी किती जणांना माहीत असेल?

आणि हे नागपुरात छापून आलं याचं मला जास्त वाईट वाटतं. देशातल्या स्फोटकांवर नजर ठेवणारी जी संस्था आहे, पेसो, तिचं मुख्यालय आपल्या गावात आहे. अंबाझरीला आयुध निर्माणी, इकडे भंडाऱ्याला, तिकडे भद्रावतीला, आपल्या घराघरात कोणी ना कोणी त्या नोकरीत आहे. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या निर्माणीत, जवाहरनगरला, स्फोट झाला तेव्हा आमच्या ओळखीतल्या घरांमध्ये दिवसभर फोन वाजत होते. शिकलेली, ट्रेनिंग घेतलेली, नियमात काम करणारी माणसं तिथे होती. ज्या भागातल्या लोकांना बारूद काय असते हे असं माहीत आहे, त्या भागातल्या पेपराने तरी अंदाज हा शब्द वापरायला नको होता.

पोराचा मूळ प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मी टाळत नाही. सेंटर फायरचा खेळाडू म्हणजे ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरमधलं पिस्तूल, आपल्याकडे जास्त करून पॉइंट थर्टी टू, त्याची मॅचची चांगली काडतुसं बाहेरून येतात, महाग येतात, वेळेवर येत नाहीत, आणि नेमबाजाला एकाच लॉटची लागतात कारण लॉट बदलला की गट, म्हणजे निशाण्यावरच्या भोकांचा पुंजका, बदलतो. एका प्रॅक्टिसमध्ये पन्नास-साठ सहज जातात. मध्यमवर्गीय घरातलं पोरगं हे किती दिवस करेल? विजय कुमारने लंडनला २०१२ मध्ये रॅपिड फायरमध्ये सिल्व्हर आणलं, ते लष्करात होते, त्यांना फौजेची साथ होती. रेशीमबागेतल्या दोन खोल्यांच्या घरातल्या पोराला ती कुठून मिळणार? आपल्याच राज्यात खडकीला १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावला छोट्या हत्यारांची काडतुसं बनतात, २०२१ पासून हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आहेत आणि तिचं ऑफिस पुण्यात आहे. दाब मोजायची यंत्रं त्यांच्याकडे, प्रायमर आणि पावडरची जोडी तपासायची माणसं त्यांच्याकडे. त्यांनी खेळाडूंसाठी पॉइंट थर्टी टूचं हलक्या चार्जचं, चपट्या तोंडाच्या गोळीचं मॅच काडतूस एकेका लॉटने तपासून जिल्हा क्लबांना रास्त भावात द्यावं, ही मागणी आपल्या पेपराने लावून धरावी. तुमच्या वार्ताहराने पुण्याला आणि वरणगावला जाऊन विचारावं की हे होऊ शकते की नाही आणि नाही तर का नाही. त्या पोराला मी सांगितलंय की पेपरात असं काही आलं तर कात्रण घेऊन ये, मी तुझ्यासोबत क्लबच्या सेक्रेटरींकडे येतो.

आणि दुरुस्ती छापाल तेव्हा एक विनंती आहे. आतल्या पानावर कोपऱ्यात चार ओळी नका टाकू. त्याच रविवारच्या पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत लिहा की "प्रायमर कोणतंही चालतं आणि पावडर अंदाजाने" हे चूक छापलं होतं, आणि भारतात लायसन्सशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे. ज्या पोरांनी ती चौकट मोबाईलवर फोटो काढून एकमेकांना पाठवली त्यांच्यापर्यंत ही पण तशीच पोचली पाहिजे.

आपला,
एक जुना वाचक,
इतवारी, नागपूर